एकशे सत्तर डोकी

विमान कुठे गेलं हे आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. आमच्या ह्यांनी तर बाहेरच्या खोलीत भिंतभर नकाशा लावला होता आणि टाचण्या टोचून टोचून समुद्राची चाळण केली होती. ह्यांचं म्हणणं, कॅप्टनने मुद्दाम वळवलं. बायकोशी पटत नव्हतं म्हणे त्याचं. हे कोणी सांगितलं? तर केस कापणाऱ्याने. केस कापणाऱ्याला कोणी सांगितलं हे मात्र विचारायचं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणायचे, सामानात बॅटऱ्या होत्या, त्या पेटल्या, आत धूर कोंडला आणि सगळे बसल्या जागी गेले. औषधाच्या दुकानदाराच्या मते विमान बुडालेलंच नाही. ते विकलं, दुसरा रंग दिला आणि आता कुठेतरी आरामात उडतंय. मी एकदा त्याला विचारलं, बाबा रे, विमान विकलं हे मानू, पण आतल्या एकशे एकाहत्तर माणसांचं काय केलं? तर म्हणतो, तेच तर लपवतायत ना ताई. आता यावर काय बोलणार, कप्पाळ?

लांबून हसायला येतं, पण ज्याच्यावर बोट रोखलं जातं त्याचं काय होतं तेही आम्ही बघितलं. कॅप्टनच्या बायकोच्या खिडक्या लोकांनी दगड मारून फोडल्या. शेवटी मुलांना घेऊन ती बिचारी कुठे निघून गेली कोण जाणे. ह्यांनी काही दगड मारला नाही, पण ती गेल्याचं कळल्यावर म्हणाले, "बघ, पळाली की नाही? कुठेतरी पाणी मुरतंय." आणि आणखी एक टाचणी टोचली.

हे सगळं आतल्या दारात उभ्या राहून वन्सं ऐकायच्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. त्यांचा नवरा, आमचे भावोजी, त्या विमानात होता. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं. विमान गेलं त्या दिवसापासून वन्सं आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. कुणी काही म्हणो, त्या वाद घालत नसत. फक्त एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "वहिनी, विमानाचं काय झालं ते मला नको सांगू. ते आहेत की नाहीत, एवढंच सांग. म्हणजे मग माझं काय ते मी बघते."

बाईचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर अडून बसलं होतं. दुकान उघडायचं की विकायचं ठरत नव्हतं. स्वतःचं घर कुलूपबंद होतं, पण आठवड्यातून दोनदा जाऊन त्या तिथल्या टाकीत ताजं पाणी भरून यायच्या, अचानक आले तर असावं म्हणून. विमान कंपनीकडून एक अर्ज आला होता. जवळच्या नातेवाइकाने चौकशी अधिकाऱ्यासमोर सही केली की मृत्यूचा दाखला मिळणार. महिनाअखेर शेवटची तारीख. त्या अर्ज काढायच्या, पेन हातात घ्यायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायची, घाई करू नका.

हे मी का म्हणायची ते आता सांगते. वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विमानतळावर दारावर काम करते. म्हणजे प्रवासी विमानाकडे जातात ते जे शेवटचं दार, त्याच्या बाजूच्या टेबलावर. बावीस वर्षं झाली. पास बघायचा, तोंड बघायचं, पास फाडायचा, मोठा तुकडा आपल्याकडे ठेवायचा. दार लावण्याआधी तीन आकडे जुळवायचे असतात. एक संगणकाचा, एक आमच्या फाडलेल्या तुकड्यांचा आणि एक डोक्यांचा. डोकी आतल्या हवाईसुंदऱ्या मोजतात, खुर्च्यांच्या मधून चालत. तिन्ही जुळले की मी कागदावर आकडा लिहून सही करते आणि विमान सुटतं.

त्या दिवशी संगणक म्हणाला एकशे एकाहत्तर. तुकडे एकशे एकाहत्तर. डोकी एकशे सत्तर. पुन्हा मोजा म्हटलं, पुन्हा एकशे सत्तर. उशीर झाला होता, वरून फोनवर फोन येत होते. तिसऱ्यांदा विचारलं तर आतल्या मुख्य बाईने विमानाच्या तोंडाशी येऊन लांबूनच अंगठा वर केला. मी एकशे एकाहत्तर लिहिलं आणि सही ठोकली. पन्नास मिनिटांनी विमान रडारच्या पडद्यावरून नाहीसं झालं. चौकशीत मला विचारलं, आकडे जुळले होते? मी म्हटलं, पहिल्याच खेपेला.

खोटं बोलले. नोकरी जाईल म्हणून बोलले, दुसरं काही नाही. माझ्याबरोबर दारावर एक सहकारी होता, सगळे त्याला लंबू म्हणतात, त्यानेही तेच सांगितलं. मग लंबूची बदली खाली सामानाकडे झाली आणि आम्ही एकमेकांना टाळायला लागलो. अळीमिळी गुपचिळी.

पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. एक माणूस कागदावर होता आणि विमानात नव्हता. कोण? इथे माझं डोकं फिरायला लागलं, कारण भावोजींना त्या दाराने जाताना मी पाहिलंच नव्हतं. त्यांचं तिकीट मी काढलेलं. आम्हा नोकरदारांना घरच्यांसाठी वर्षाला थोडी सवलतीची तिकिटं मिळतात, जागा रिकामी असेल तरच जायचं अशा बोलीवर. भावोजींनी आयुष्यात विमान आतून बघितलं नव्हतं. दोन दिवसांसाठी कुठल्याशा यंत्राचे सुटे भाग आणायला जायचं होतं. आता तुम्हीच सांगा, मेहुण्याची बायको दारावर उभी आहे आणि हा बडबड्या माणूस तिला एक शब्द न बोलता, न टोमणा मारता आत जाईल? शक्यच नाही. त्यांचा पास लंबूच्या गठ्ठ्यात होता, माझ्या नव्हे.

एकदा संशय घ्यायला बसलं की माणसाला सगळंच दिसायला लागतं. जायच्या आदल्या दिवशी भावोजींनी केस काळे केले होते. भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर नेला होता. दुकानाची किल्ली, जी ते कधी कुणाला देत नसत, ती शेजारच्या दुकानात ठेवून गेले. विमान गेलं त्या संध्याकाळी वन्संनी त्यांना फोन लावला तेव्हा चार वेळा घंटी वाजली. आणि दुकानात नेहमी येणारी एक शिवणक्लासवाली बाई, देखणी, एकटी, तिने त्याच महिन्यात क्लास बंद करून गाव सोडलं. झालं. माझ्या डोक्यात सगळं चपखल बसलं. पास फाडून घेतला, मागच्या मागे सटकले आणि त्या बाईबरोबर कुठेतरी संसार थाटून बसलेत. जगाला वाटतंय समुद्रात गेले.

खरं सांगू, मला राग यायचा त्यांचा. वन्सं रिकाम्या घरात पाणी भरतात आणि हा माणूस कुठेतरी काळे केस करून बसलाय, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण त्याच रागात थोडं बरंही वाटायचं, हे आज कबूल करते. पळाले असतील तर जिवंत होते. आणि जिवंत असतील तर ते तिकीट मी काढलं होतं याला काही अर्थ उरत नव्हता.

अर्जाची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा मी ठरवलं, काय ते एकदा तडीस न्यायचं. जिवंत माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर वन्संची सही मी होऊ देणार नव्हते. शेजारच्या दुकानदाराला गोड बोलून शिवणक्लासवालीचा नवा पत्ता काढला. ह्यांना सांगितलं की मैत्रीण आजारी आहे, आणि सकाळच्या बसने तीन तास धक्के खात गेले.

दार त्या बाईनेच उघडलं. मी ओळख सांगितली आणि तिच्या खांद्यावरून आत बघायला लागले. पायताणं मोजली. पुरुषाच्या चपला होत्या, तो तिचा मुलगा निघाला. सून बाळंत झाली म्हणून क्लास बंद करून ती इकडे आली होती. बाळ मधल्या खोलीत टाहो फोडत होतं, सून डोक्याला रुमाल बांधून बसली होती. खिडकीशी शिवणयंत्र होतं, पट्टा निघालेला. तिने मला चहा दिला आणि आपणहून भावोजींचा विषय काढला. म्हणाली, परत आल्यावर इथे येऊन यंत्र बघून देतो म्हणाले होते, अजून दुसऱ्याला हात लावू दिला नाही. जाण्याआधी भेटले तेव्हा शाळेतल्या पोरासारखे खूश होते म्हणे. विमानात सगळे साहेबलोक असतात, आपण म्हातारे दिसायला नको, म्हणून केस काळे केले. आत फार गार असतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून स्वेटर. किल्ली का ठेवली, तर हिच्याच ओळखीचं एक गिऱ्हाईक यंत्र न्यायला येणार होतं, त्याचा खोळंबा नको. मी फोनच्या घंटीचं विचारलं. तिचा मुलगा फोनच्याच कंपनीत होता. तो म्हणाला, आपल्या कानात घंटी वाजते म्हणजे पलीकडे फोन वाजतोच असं नाही, लाईन शोधतानासुद्धा ती ऐकू येते.

मी उठले तेव्हा त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझी मान खाली होती. वर्षभर मनातल्या मनात या बाईला मी काय काय म्हणून घेतलं होतं.

मग उरला लंबू. परतीच्या बसमध्ये माझ्या संशयाने लगेच दुसरं घर शोधलं. भावोजी पळाले नाहीत, तर लंबूने त्यांचा पास भलत्याच माणसाला दिला असणार, आणि तो भलता माणूस... असो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात उतरले. सामानाचे पट्टे चालू होते, त्यामुळे जोराने बोलावं लागत होतं. लंबू एका ढकलगाडीवर बसून डबा खात होता. मला बघून त्याचा घास हातातच राहिला. त्याला वाटलं, मी वर जाऊन सगळं ओकले आणि आता त्याची पाळी आली.

मी त्याला सरळ विचारलं, आमचे भावोजी आत गेले होते का?

तो म्हणाला, "ताई, तुम्हीच तर म्हणालात, काहीही कर पण त्यांना आज पाठव."

म्हटलं असेन. आम्ही रोजच एकमेकांना असं सांगतो, माझा मामा आहे बघ, माझी चुलती आहे सांभाळ. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय असतं? पण लंबूच्या लक्षात होतं. विमान भरलं होतं. मागच्या रांगेत एक खुर्ची पट्टा तुटल्यामुळे बंद होती. लंबूने संगणकात ती उघडली आणि तिच्या नंबरावर भावोजींना पास दिला. मी तेव्हा एका माणसाशी त्याच्या अवजड बॅगेवरून हमरीतुमरीवर आले होते. भावोजी माझ्या पाठीमागूनच गेले. लंबूनेच त्यांना खुणेने सांगितलं, आता ताईंशी बोलू नका, भडकल्यात. लंबू त्यांना सोडायला आतपर्यंत गेला, तर मुख्य बाई तुटक्या खुर्चीत बसू देईना. उतरवायचं तर पुन्हा सगळे कागद करावे लागले असते. शेवटी कॅप्टनच म्हणाला, येऊ दे पुढे. पुढे वैमानिकांच्या खोलीत त्यांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, कंपनीच्या माणसांसाठी. बाहेरच्यांना तिथे सक्त मनाई. भावोजींना तिथे बसवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर डोकी मोजली ती एकशे सत्तर भरली, दोन्ही वेळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पुढचं डोकं मोजायचं राहिलं हे त्या बाईला आठवलं आणि तिने अंगठा दाखवला.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," लंबू म्हणाला. "माहीत आहे म्हणूनच गप्प आहात."

मी त्या ढकलगाडीवर त्याच्या शेजारी बसले. आकडा चुकलाच नव्हता. एकशे एकाहत्तरच होते. कोणी कमी नव्हतं, कोणी सटकलं नव्हतं. आणि तो एकशे एकाहत्तरावा माणूस जागा नसताना माझ्या शब्दाखातर आत घातला गेला होता. तिथे बसून मी रडले, चांगली हमसून रडले. लंबूने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

संध्याकाळी हे नाक्यावर गेल्यावर मी वन्संना आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांच्या नवऱ्यावर वर्षभर घेतलेला संशयसुद्धा सांगितला. मला वाटलं आता या माझ्या थोबाडीत मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या मग म्हणाल्या, "पुढे बसवलं? सगळी बटणं दिसतात तिथे?"

मी म्हटलं, हो, सगळी.

"मग खूश झाले असतील," वन्सं म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. मला जवळ घेऊन रडल्या. उद्याच जाऊन सही करते म्हणाल्या.

पण वैमानिकांच्या बंद खोलीत एक बाहेरचा माणूस होता, हे जर बाहेर फुटलं तर काय होईल, ते मला दिसत होतं. कॅप्टनला सोडून सगळं जग भावोजींच्या मागे लागलं असतं. ज्या बाईच्या खिडक्या फुटल्या ती निदान तरुण होती. मी वन्संना बजावलं, ते पुढे बसले होते हे कुणालाही सांगायचं नाही, तुमच्या भावालासुद्धा नाही. त्यांनी विचारलं, का? आणि इथे माझं चुकलं. त्या नुकत्याच हलक्या झालेल्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून खरं कारण निघेना. मी म्हटलं, माझी नोकरी जाईल. वन्संनी माझ्या हातावर थोपटलं, माझ्यामुळे तुझ्या नोकरीला धक्का लागायचा नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वन्संबरोबर गेले. चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. छोटी खोली, तीन खुर्च्या, भिंतीपर्यंत फायली. त्याने वन्संना पाणी दिलं, अर्ज पुढे सरकवला आणि प्रश्न वाचून दाखवायला लागला. नाव, नातं, वय. मग एक प्रश्न आला की सदर व्यक्ती विमानात होती याची खात्री कशावरून? मी घाईने म्हटलं, तिकीट होतं, पास फाडलेला होता, तेवढंच लिहा. त्याने मान डोलावली आणि नुसतं बोलायचं म्हणून वन्संना म्हणाला, "वर्षभर तुम्ही सही केली नव्हती. आता मनाची खात्री पटली?"

"पटली," वन्सं म्हणाल्या. "ते पुढे बसले होते. कॅप्टनच्या मागे."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. मी टेबलाखाली वन्संचा पाय दाबला. त्यांना वाटलं मी नोकरीला घाबरतेय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काळजी करू नको, तुझं नाव येऊ देत नाही. आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, "त्यांना कुणी बसवलं नाही हो. त्यांनी स्वतःच हट्ट धरला असणार. तिथेच बसायचं म्हणाले असतील."

त्याने विचारलं, त्यांना यंत्रांची माहिती होती का?

"माहिती? कुठलंही यंत्र द्या, उघडून पुन्हा जोडायचे. हात लावल्याशिवाय राहवायचंच नाही त्यांना." वर्षभर मिटलेल्या वन्संचं तोंड आता थांबत नव्हतं. चेहरा उजळला होता. "खिशात पेचकस असायचाच."

"त्या दिवशीही?"

"असणारच. त्याच्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत."

तो लिहीत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, खोटं आहे हे, त्यांनी काहीही मागितलं नव्हतं, मी पाठवलं त्यांना, जागा नव्हती म्हणून पुढे बसवलं. डोकी दोन वेळा एकशे सत्तर भरली होती आणि मी खोटा जबाब दिला. नोकरी घ्या माझी, पण हे खोडा.

त्याने वर बघितलं. अजूनही सभ्यपणेच विचारलं, "मग हे वर्षभर का लपवलंत? जायच्या आधी त्यांनीच सांगितलं होतं का लपवायला?"

खरं उत्तर होतं माझ्याजवळ: आकडा नोकरीपायी लपवला, आणि पुढे बसवल्याचं मला कालच कळलं. पण त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा ते मानलं नसतं.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे. आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं. अर्ज त्यांच्यासमोरच होता. त्यांनी पेन उचललं, सावकाश पूर्ण नावाने सही केली आणि विचारलं, "झालं ना आता?"

"या अर्जाचं झालं," अधिकारी म्हणाला आणि त्याने फोन उचलला. "तुम्ही दोघी जरा बसा."